आयटीएफच्या स्पर्धा खेळून टेनिसपटूचा खर्च निघतो का?

आपला मुलगा १८ वर्षांचा आहे, राज्य पातळीवर चांगला खेळतो आणि बारावीनंतर पूर्णवेळ टेनिस खेळू इच्छितो. क्रमवारीत वर येईपर्यंत त्याचा खर्च बक्षिसांतून निघेल का, असे आपण विचारले आहे. मी साडेचार वर्षे आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, खालच्या स्तरावरील स्पर्धा खेळलो आणि आता बाणेरला मुलांना शिकवतो. माझे उत्तर नकारार्थी आहे, मुलगा कितीही गुणी असला तरी.

पुरुषांच्या सर्वांत लहान स्पर्धेला एम१५ म्हणतात, कारण तिची एकूण बक्षीस रक्कम १५ हजार डॉलर असते. एकेरीच्या विजेत्याला त्यातले २,१६० डॉलर मिळतात, तर मुख्य ड्रॉमध्ये (पात्रता फेरीनंतरच्या मूळ स्पर्धेत) पहिलाच सामना हरणाऱ्याला १५६ डॉलर, म्हणजे जेमतेम १३-१४ हजार रुपये, आणि त्यातूनही बहुतेक ठिकाणी कर कापला जातो. पहिली फेरी हरल्यास क्रमवारीचा एकही गुण मिळत नाही, जिंकल्यास एक मिळतो आणि तोही ५२ आठवड्यांनी गळून पडतो.

ट्युनिशियातील मोनास्तिर येथे अशा स्पर्धा आठवड्यामागून आठवडे होतात, म्हणून विमानाच्या एका तिकिटात तीन स्पर्धा उरकायच्या, असा आमचा बेत असे. पण मंगळवारी हरलो, की पुढच्या सोमवारपर्यंत खोलीचे भाडे, जेवण आणि रॅकेटचे गटिंग (तारा बदलणे) हा खर्च चालूच राही, आणि नावनोंदणी १८ दिवस आधीच बंद होत असल्यामुळे ऐनवेळी दुसरीकडे जाण्याची सोयही नसे. शिवाय हरलेल्या रात्री अनोळखी सट्टेबाजांचे शिवीगाळ करणारे संदेश फोनवर येत. (आईला मी हे आजतागायत सांगितलेले नाही.)

म्हणून आपण हिशेब मांडाल तो हरलेल्या आठवड्यांचा मांडावा. वर्षातले २५ आठवडे तो खेळणार असेल, तर त्यांतले निदान १५ पहिल्या-दुसऱ्या फेरीतच संपतील असे धरावे आणि तो भार तीन वर्षे झेपेल का ते पाहावे. माझ्या वडिलांनी दुसऱ्याच वर्षी भविष्य निर्वाह निधीला हात घातला होता. सुमित नागल २०२३ मध्ये एकेरीत देशात अव्वल होता, तरी खात्यात जेमतेम ९०० युरो उरल्याचे त्याने जाहीरपणे सांगितले होते. पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना असलेल्या एटीपीने २०२४ पासून किमान उत्पन्नाची हमी सुरू केली खरी, परंतु ती जागतिक क्रमवारीतील पहिल्या २५० खेळाडूंपुरतीच आहे.

अमेरिकी विद्यापीठाची शिष्यवृत्ती हा मार्ग मात्र अवश्य तपासावा. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला, ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एमकडून. तिथे चार वर्षे सामने, प्रशिक्षक आणि पदवी एकाच ठिकाणी मिळतात, आणि व्यावसायिक स्पर्धा त्यानंतरही खेळता येतात. मला त्या वयात ती माघार वाटली होती, म्हणून मी अर्जसुद्धा केला नाही.