गावाचा संघ, गावाचेच खेळाडू

प्रश्न : माझी पुतणी आयर्लंडमध्ये परिचारिका आहे. ती राहते त्या गावाचा गेलिक फुटबॉल संघ साखळीतील एक सामना हरूनही उपांत्य फेरीत पोहोचला, असे ती सांगते. हे कसे घडते? गुण ‘१-१२’ असे का लिहितात? या खेळाडूंना पैसे मिळतात का? आमच्या गावच्या कबड्डी स्पर्धेला यातून काही घेण्यासारखे आहे का?
– एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : गुणांचे आधी सांगतो. गेलिक फुटबॉल या आयर्लंडच्या पारंपरिक खेळात गोलखांबांच्या मध्ये आडवी दांडी असते आणि खांब तिच्याही वर जातात. चेंडू दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे ३ गुण. दांडीवरून गेला तर १ गुण, आणि २०२५पासून मैदानावर आखलेल्या ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या अशा फटक्याला २ गुण. त्यामुळे १-१२ म्हणजे एक गोल व बारा गुण, एकूण १५.

बहुतेक काउंट्यांमध्ये (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) क्लब स्पर्धा आधी छोट्या गटांत साखळी पद्धतीने आणि नंतर बाद पद्धतीने होते, म्हणून साखळीतील एक पराभव पचवता येतो. काउंटीचा विजेता पुढे आपल्या प्रांताच्या स्पर्धेत उतरतो आणि चार प्रांतांचे विजेते अखिल आयर्लंड विजेतेपदासाठी झुंजतात. त्याचा अंतिम सामना आता जानेवारीत डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर होतो. गॅल्वे काउंटीतील कॉरोफिन या खेडेगावाच्या क्लबने २०१८ ते २०२० असे सलग तीन वेळा हे विजेतेपद मिळवले.

खेळाडूंना मानधन मिळत नाही. हा खेळ चालवणाऱ्या, १८८४ साली स्थापन झालेल्या गेलिक ॲथलेटिक असोसिएशनने हौशी खेळाचे हे तत्त्व आजही जपले आहे. शिक्षक, शेतकरी, सुतार असे लोक दिवसभराचे काम आटोपून सरावाला येतात, आणि जिथे लहानाचे मोठे झाले त्याच गावाच्या क्लबकडून साधारणतः आयुष्यभर खेळतात. या स्पर्धेचा खरा प्राण हाच आहे, असे मला मनापासून वाटते. आपल्याकडे बक्षिसाच्या रकमेसाठी बाहेरून तयार खेळाडू आणून संघ उभे केले जातात, तेव्हा गावातली वर्षभर घाम गाळणारी पोरे कडेला बसतात. याचे दुःख आपल्यालाही असेल.

दुसरी घेण्यासारखी गोष्ट वेळापत्रकाची. पूर्वी तेथे क्लबांतून निवडलेल्या काउंटी संघांचे सामने लांबत आणि साध्या क्लब खेळाडूला आपला पुढचा सामना केव्हा आहे हेच कळत नसे. सुटी, लग्नकार्य, कामाच्या पाळ्या सगळेच अधांतरी राही. २०२२पासून वर्षाचे दोन भाग केले गेले : जुलैअखेरपर्यंत काउंटीचे सामने आणि त्यानंतर क्लबचे. त्यामुळे मोठे खेळाडूही आपल्या गावासाठी मोकळे होतात. आपल्याकडे रब्बीची रास झाल्यानंतर आणि पेरणीच्या खूप आधी, गावच्या जत्रेला धरून तारखा पक्क्या करून त्या दोन महिने आधी जाहीर केल्या, तर पुण्याला कामाला गेलेला मुलगाही रजा काढून येऊ शकेल.

तेथे क्लबांचे सीनियर, इंटरमिजिएट, ज्युनियर असे दर्जे असून जिंकणारा वर चढतो आणि ढेपाळलेला खाली येतो. आपल्या स्पर्धेत निदान दोन गट करावेत, म्हणजे लहान वाडीच्या संघाला पहिल्याच फेरीत तालुक्याच्या बलाढ्य संघाशी गाठ पडून घरी जावे लागणार नाही. संघात गावचे रहिवासी खेळाडूच असावेत, हा नियम मात्र दोन्ही गटांना सारखाच लावावा आणि प्रवेशपत्रिकेसोबत आधार कार्डाची प्रत घ्यावी.