ड्युअल पंधराचे टॉप विकून लाइन ॲरे घ्यावी का?

तुमचा प्रश्न असा: लग्नं, सभा, गणपती अशी कामं करता, जवळ ड्युअल पंधराचे चार टॉप (आत दोन १५ इंची स्पीकर आणि वर हॉर्न असलेल्या मोठ्या पेट्या) आहेत, ते काढून दोन्ही बाजूंना चार-चार बॉक्सची लाइन ॲरे (एकाखाली एक टांगलेल्या बॉक्सची उभी रांग) घ्यावी का, आणि दोन्हींत नेमका फरक काय.

‘चार-चार’ वाचलं आणि राहवलं नाही. घेऊ नका.

आम्ही सोलापूरचे. अण्णांनी सुरू केलेला साऊंडचा धंदा दादा आणि मी बघायचो. पेट्या अण्णांच्या हातच्या, १८ एमएम प्लायच्या, आत दोन १५ इंची स्पीकर आणि वर हॉर्न. एक पेटी उचलायला चौघं लागायचे, खोटं कशाला बोलू. पण हुतात्मा स्मृती मंदिरापासून खेड्यातल्या कीर्तनापर्यंत त्यांनी कधी मान खाली घालायला लावली नाही. मग दादाच्या डोक्यात लाइन ॲरे शिरली. गिऱ्हाईकच विचारतं म्हणे, ‘ते लोंबतं साऊंड आहे का?’ भाडंही दीडपट. आठ बॉक्स आले, लोकल कॉपी. अण्णांच्या पेट्या गेल्या गोडाऊनला.

पहिलंच मोठं काम पूर्व भागात, एका यंत्रमागाच्या शेडमागे मोकळ्या जागेत. चार-पाचशे माणूस, आधी भजन, मग भाषणं. क्रँक स्टँडवर १२ फुटांवर चार-चार बॉक्स टांगले. दिसायला एकदम झकास, दादानं फोटो काढून स्टेटसला लावले. भजन सुरू झालं आणि पुढच्या सतरंजीवर नुसती गुबगुब. टाळ वाजतायत हे दिसतंय, ऐकू येत नाही. मागून ओरडा, ‘ओ साऊंडवाले, आवाज!’ दादा फेडर वर सारतोय, माइक शिट्टी मारतोय. आणि गर्दीमागच्या बिल्डिंगीत, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत एक आजी बसलेली. ती मात्र डोळे मिटून ताल धरून होती. सगळी ट्रेबल, म्हणजे टाळांसारखा बारीक आवाज, सरळ तिच्याकडे चालली होती! शेवटी भाषणांआधी मी टेम्पो पिटाळला, अण्णांच्या दोन पेट्या आणून स्टेजच्या कडेला टेबलांवर चढवल्या आणि हॉर्नची तोंडं मागच्या ओळींकडे केली. भाषणं शेवटपर्यंत ऐकू गेली. त्या रात्री दादा माझ्याशी बोलला नाही.

लाइन ॲरेचा सगळा खेळ लांबीचा आहे. १९९२ मध्ये फ्रान्सच्या क्रिस्टियन हाइलनं व्ही-डॉस्क नावाची लाइन ॲरे आणली, तेव्हापासून एक वाक्य विकणाऱ्यांच्या तोंडी बसलंय: अंतर दुप्पट झालं की साध्या टॉपचा आवाज ६ डीबी (आवाज मोजायचं एकक) पडतो, लाइनचा ३च. कुठपर्यंत ३, ते कुणी सांगत नाही. रांगेच्या लांबीचा वर्ग गुणिले फ्रिक्वेन्सी, भागिले आवाजाच्या वेगाची दुप्पट, साधारण तेवढ्या अंतरापर्यंतच. आमचे चार बॉक्स मिळून १.१ मीटर. १ किलोहर्ट्झला हिशेब येतो पावणेदोन मीटर. म्हणजे भाषणाच्या ऐन पट्ट्यात तुमची लाइन ॲरे पहिल्या सतरंजीपर्यंतही टिकत नाही, पुढे ती साधी पेटीच, फक्त महाग. ३०० हर्ट्झच्या खाली तर चार बॉक्सना आवाज वर-खाली आवरताच येत नाही, कारण तिथं लाटेचीच लांबी बॉक्सच्या रांगेएवढी होते. बारा बॉक्स लावा, तेच पावणेदोन मीटर जवळपास १६ मीटरवर जातं. बारा बॉक्स, त्यांचे अँप्लिफायर, प्रोसेसर, ट्रस, चेन पुली. लग्नात कोण देणार एवढं भाडं?

मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर लाइन ॲरे रचतात, ते तर मला कधीच समजलं नाही. ऐकणारा दहा फुटांवर नाचतोय, त्याला लांब फेकणारा आवाज हवाय कशाला?

आता दादाच्या बाजूच्याही एक-दोन गोष्टी सांगतो, नाहीतर तो इथं खाली येऊन लिहील. होम मैदान भरलेलं असेल आणि बाजूला दहा-बारा चांगले बॉक्स असतील, तर तिथं टॉप रचून तसं काम होत नाही. चार टॉप शेजारी-शेजारी ठेवले की ते एकमेकांचाच आवाज खातात. आडवं चालत गेलात तर दर दोन पावलांवर ट्रेबल येते-जाते. आमच्या कॉपीत धड वेव्हगाइडही नव्हता. १० किलोहर्ट्झची लाट ३.४ सेंटिमीटरची, तेवढ्या जवळ ड्रायव्हर बसतच नाहीत, म्हणून आवाजाची अखंड पट्टी करून देणारा वेव्हगाइड लागतो. आमच्यात नुसतेच ट्विटर एकाखाली एक ठोकलेले.

आणि हो, त्या दिवशी दोन बॉक्समधला कोन ठरवणाऱ्या अँगलच्या पिना मी लावल्या होत्या. सगळ्या शून्यावर. दादा आजही तेवढंच धरून बसलाय. खालचे दोन बॉक्स वाकवले असते तर पुढच्यांना ट्रेबल मिळाली असती, कबूल. पण चारातले दोन पुढच्यांना दिल्यावर मागच्यांना राहिले दोनच, हे त्याला सांगून सांगून मी थकलो.

तुमच्या टॉपचा हॉर्न ९० अंशांचा की ६०चा, म्हणजे आवाज किती रुंद पसरवतो, हे तुम्ही लिहिलं नाहीत. ते आधी बघा, मग ठरवा. तरीही विकायचेच असतील तर स्पीकरची कॉइल कधी बदललीय का तेवढं कळवा. अण्णांच्या पेट्यांना जोडी मी शोधतोच आहे.