उंदरांच्या किडनीवर चाललेलं औषध माणसांसाठी कधी येईल? तोवर करक्युमिन देऊ का?

एका वनस्पतीच्या अर्काने उंदरांच्या किडनीतला दाह थांबला अशी बातमी तुम्ही वाचलीत. वडिलांचं क्रिएटिनिन वाढलंय, म्हणून विचारताय की हे औषध बाजारात कधी येईल आणि तोवर हळदीतल्या करक्युमिनच्या गोळ्या सुरू कराव्यात का. पहिल्याचं उत्तर, बहुतेक कधीच नाही. दुसऱ्याचं, नको.

इतकं ठामपणे सांगते कारण असल्या बातम्या जिथून निघतात त्या खोलीत मी काम केलंय. पीएचडीच्या काळात आमचा प्रयोग अगदी हाच होता. उंदराच्या पोटात एलपीएस टोचायचं, म्हणजे जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातला घटक, आणि मग किडनी नि यकृताचं काय होतं ते बघायचं. एलपीएस गेलं की थोड्या तासांत उंदीर कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसतात, अंगावरचे केस उभे राहतात, डोळे अर्धवट मिटून कडांना चिकट पांढरं साचतं. एरवी रात्रभर उकरून ठेवलेलं असतं ते पिंजऱ्यातलं साळीचं तूस सकाळी जसंच्या तसं सपाट दिसतं. हे ज्याने पाहिलंय तो त्या आकड्यांशी खेळ करू शकत नाही, असं मला वाटायचं.

आमच्या प्रोटोकॉलमध्ये अर्क आधी काही दिवस रोज तोंडावाटे द्यायचा आणि शेवटचा डोस एलपीएसच्या तासभर आधी. निकाल देखणे यायचे. एलायझा या चाचणीच्या प्लेटवर (रंग जितका गडद तितका दाह जास्त) नुसत्या एलपीएसचे कप्पे गडद पिवळे, अर्क दिलेल्यांचे फिकट. मी माझ्या गाइड सरांना म्हटलं, एक ग्रुप असा ठेवू या की ज्यात आधी एलपीएस आणि नंतर काही तासांनी अर्क. सर म्हणाले, "मग काही दिसणारच नाही." मी म्हटलं, पेशंटही आजारी पडल्यावरच येतो ना सर. त्यावर, "सगळे असंच करतात, रिव्ह्यूअर विचारत नाहीत तर तू कशाला विचारतेस?"

शेवटी हट्टाने तो ग्रुप केला. त्याचे कप्पे नुसत्या एलपीएसच्या कप्प्यांइतकेच गडद आले. तो ग्रुप आमच्या शोधनिबंधात, म्हणजे पेपरात, आला नाही. आधी डोस दिल्याचं मेथड्समध्ये एका ओळीत होतं, आणि ॲब्स्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या सारांशात, मात्र अर्क 'उपचार म्हणून आश्वासक'. घर पेटायच्या आधी भिंती भिजवून ठेवायच्या आणि मग आग विझवली म्हणून सांगायचं, यातला प्रकार. मला त्याचा आजही राग येतो.

कारण यात गूढ काही नाही. एलपीएस दिल्यावर उंदराच्या रक्तात टीएनएफ हे दाहाचं रसायन तासा-दीड तासात शिखरावर जातं आणि मग उतरतं. अर्क आधीच रक्तात असेल तर ते शिखर बुटकं होतं. नंतर दिला तर वरातीमागून घोडं. ताप, थंडी, कमी झालेली लघवी घेऊन माणूस आयसीयूत पोहोचतो तेव्हा ते शिखर कधीच उलटून गेलेलं असतं. त्यात आमचे उंदीर सगळे तरणे, एका वयाचे, एका वाणाचे. आयसीयूतला माणूस पासष्टीचा, डायबेटिसवाला, अँटिबायोटिक आणि सलाइन आधीच चालू असलेला. शिवाय माणसाला एलपीएस किलोमागे काही नॅनोग्रॅम टोचलं तरी हुडहुडी भरते, आणि उंदीर मरायला किलोमागे मिलिग्रॅममध्ये लागतं.

सरांना मी १९८७चा एक पेपरही दाखवला होता. ट्रेसी, सेरामी वगैरेंचा, 'नेचर'मधला. बबून माकडांना जिवाणू टोचण्याच्या दोन तास आधी टीएनएफविरोधी अँटिबॉडी दिली तर ती पूर्ण वाचली. एकच तास आधी दिली तर शॉक टळला, पण अवयवांचं बिघडणं टळलं नाही. एका तासाचा फरक! आणि तरीही १९९०च्या दशकात सेप्सिसच्या (जंतुसंसर्गाने अवयव बिघडू लागलेल्या) पेशंटवर, म्हणजे आजार पुरता जडल्यावर, टीएनएफ अडवणाऱ्या औषधांच्या चाचण्यांमागून चाचण्या झाल्या. अपेक्षित फायदा झाला नाही. त्यातल्या एकीत (१९९६) मोठ्या डोसवर मृत्यू उलट वाढलेले दिसले. तीच टीएनएफ अडवण्याची कल्पना क्रोन्स या आतड्याच्या आजारात आणि संधिवातात मात्र उत्तम चालली, कारण तिथे दाह महिनोन्‌महिने धुमसत असतो. औषधाला गाठायला वेळ मिळतो.

कोविडनंतर सरांचा मेसेज आला होता, "बघ, डेक्सामेथासोनने दाह दाबला आणि माणसं वाचली." वाचलीच. पण ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीत हे स्टिरॉइड आधीच आजारी पडून ॲडमिट झालेल्यांना दिलं होतं, ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, नुसत्या ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने, आणि ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा शून्य. तेच औषध, वेळ वेगळी, निकाल वेगळा. हे तर माझंच म्हणणं झालं.

आता तुमच्या वडिलांकडे. करक्युमिन आतड्यातून जेमतेम शोषलं जातं. ते वाढवायला गोळ्यांत मिऱ्यातलं पिपरीन घालतात, आणि अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या केसेस अमेरिकेत नोंदल्या गेल्यात. भरपूर हळद पोटात गेली की लघवीतलं ऑक्झलेटही वाढतं, जे अधू किडनीला नकोच. भाजीतली हळद खुशाल राहू द्या. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन असं किडनीला जड जाणारं काही स्वतःच्या मनाने घेत असतील तर ते आधी थांबवा. आणि नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, डॅपाग्लिफ्लोझिन या गोळीबद्दल जरूर विचारा. २०२०च्या डॅपा-सीकेडी चाचणीत किडनीचा आजार आधीपासून असलेली, लघवीतून प्रोटीन जाणारी ४३०४ माणसं होती, डायबेटिस असलेली आणि नसलेलीही. किडनीची ताकद निम्म्याने घटणं, ती निकामी होणं, किडनी किंवा हृदयामुळे मृत्यू, हा एकत्रित धोका ३९ टक्क्यांनी कमी झाला. भारतात पेटंट संपल्यामुळे ते आता स्वस्तही मिळतं. असलं औषध हाताशी असताना उंदरांच्या बातमीची वाट बघत बसू नका.

मी डॉक्टर नाही, आणि वडिलांचं क्रिएटिनिन किती, बीपी किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यामुळे गोळी कुठली ते त्यांचे डॉक्टरच ठरवतील. पुढची बातमी आली की मूळ पेपर उघडा आणि औषध इजेच्या आधी दिलंय की नंतर, एवढं शोधा. आधी दिलेलं सगळंच फुकट असतं असंही नाही. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये किडनीला झटका कोणत्या सकाळी बसू शकतो ते आदल्या दिवशी माहीत असतं, तिथे आधी द्यायच्या औषधाचा शोध घेण्यात पूर्ण अर्थ आहे. पण मग पेपरात 'प्रतिबंध' लिहा, 'उपचार' लिहू नका, आणि नंतरचा ग्रुप गडद आला असेल तर तोही छापा. सरांकडे मी तेव्हा एवढंच मागत होते.