सासूबाई चोरून साधं पाणी देतात

पत्र : सासऱ्यांना अर्धांगाचा झटका येऊन दोन महिने झाले. पाण्याने ठसका लागतो म्हणून थेरपिस्टने पावडर घालून घट्ट केलेलं पाणी द्यायला सांगितलंय. ते त्यांना नकोसं होतं. 'तहानलेल्याला पाणी नाकारतेस' म्हणत सासूबाई माझ्या नकळत साधं पाणी पाजतात. रोज वाद होतो. काय करू?

उत्तर : ताई, सासूबाईंचा जीव तुटतोय आणि तुमची भीतीही खरी आहे. पण 'भात उतरतो, मग पाणी का नाही?' हे त्यांना कुणी समजावलंय का? गिळताना श्वासनलिकेचं तोंड क्षणभर मिटतं. झटक्यानंतर ते मिटायला उशीर होतो, आणि पाणी तेवढं थांबत नाही. मऊ घास सावकाश सरकतो. काहींना पाणी फुप्फुसाकडे गेलं तरी ठसकाच लागत नाही. म्हणून घोटानंतर आवाज ओलसर, घरघरता येतो का ते ऐका. त्यात ताप किंवा धाप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आता पावडर. नकोसं होण्यामागे बरेचदा माप असतं. अंदाजाने चमचा टाकला की खळ तयार होते. डब्यावरचं माप पाळा, मग तपासा : 10 मिलीच्या सुई नसलेल्या सिरिंजचा दट्ट्या काढा, खालचं तोंड बोटाने बंद करून ती 10 मिलीच्या खुणेपर्यंत भरा, मग बोट काढून 10 सेकंद गळू द्या. 1 ते 4 मिली उरलं तर घट्टपणाची पातळी 1, 4 ते 8 उरलं तर पातळी 2. तुम्हाला कोणती सांगितली आहे ते विचारून घ्या. पावडर स्टार्चची असेल तर लाळेने पाणी पुन्हा पातळ होतं, त्यामुळे उष्टा पेला नंतर देऊ नका. पातळ आमटी-भातही सध्या नको. पाणी पुढे पळतं, शितं मागे राहतात.

पाजताना त्यांना खुर्चीत ताठ बसवा, नंतरही अर्धा तास बसू द्या. हनुवटी खाली घ्यायची की नाही, हे थेरपिस्टच ठरवेल. सगळ्यांना ते चालत नाही.

सासूबाईंकडे एक मोठं काम सोपवा : तोंडाची स्वच्छता. सकाळ-रात्र ब्रश, प्रत्येक जेवणानंतर लुळ्या बाजूच्या गालात अडकलेला घास काढणं, रात्री कवळी काढून धुणं. तोंडातले जंतू पाण्याबरोबर खाली गेले की न्यूमोनियाचा धोका वाढतो. तोंड स्वच्छ असेल तर काही रुग्णांना दोन जेवणांच्या मधे साध्या पाण्याचे घोट देता येतात. तुमच्याकडे ते चालेल का, हे तपासणीनंतर थेरपिस्टलाच विचारा, आणि विचारताना सासूबाईंना सोबत न्या. गिळण्याचा एक्स-रे व्हिडिओ काढायचा ठरला, तर तो त्यांनाही दाखवायची विनंती करा. घरचा पेला-चमचाही बरोबर असू द्या.