पिंग जातंय, साईट उघडत नाही

प्रश्न : मिनी पीसीवर प्रॉक्समॉक्स (एकाच पीसीवर आभासी मशीन चालवणारी सिस्टीम), त्यात पीएफसेन्स या फायरवॉलची व्हीएम (आभासी मशीन), दोन्ही नेटवर्क कार्डं व्हर्टआयओ या आभासी प्रकारची. लॅपटॉपवरून पिंग जातं पण साईट उघडत नाहीत, वॅन (इंटरनेटची बाजू) आणि लॅन (आतली बाजू) उलटे लागलेत का?

उत्तर : नाही हो, उलटे लागले असते तर पिंगही गेलं नसतं. तरी खात्री हवी असेल तर प्रॉक्समॉक्सच्या हार्डवेअर टॅबमधला नेट०, नेट१ या कार्डांचा ओळख क्रमांक, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस आणि पीएफसेन्सच्या कन्सोलवर पर्याय १ मध्ये दिसणारा त्याच कार्डांचा, म्हणजे व्हीटीनेट०, व्हीटीनेट१ चा मॅक जुळवून बघा, नुसत्या क्रमावर विसंबू नका.

खरा संशय चेकसम ऑफलोडिंगवर आहे, म्हणजे पॅकेट नीट आलं का हे तपासायचा आकडा (चेकसम) काढायचं काम कार्डावर सोपवण्यावर. व्हर्च्युअल कार्डात चेकसम पुढे कोणीतरी भरेल म्हणून अर्धवट सोडलेला असतो, आणि मग फायरवॉलमधून जाताना साईट उघडायला लागणारी टीसीपी, यूडीपीची पॅकेट गळतात, पिंग आयसीएमपी या वेगळ्या प्रोटोकॉलचं असल्यामुळे सुटतं, म्हणून माणूस तासन्‌तास डीएनएस आणि रूल्स तपासत बसतो. सिस्टीम, अ‍ॅडव्हान्स्ड, नेटवर्किंगमध्ये जाऊन हार्डवेअर चेकसम ऑफलोडिंग बंद करायची खूण करा, सेव्ह करा आणि व्हीएम रीबूट कराच.

आणि हो, इंटरनेट कंपनीचा राउटरही १९२.१६८.१.१ वरच असेल तर पीएफसेन्सचा लॅन आधी १९२.१६८.१०.१ वगैरे करून घ्या, दोन्हीकडे एकच रेंज चालत नाही.