परदेशी कंपनीने चिनी ग्राहकांना ऑनलाइन विक्री सुरू करायची तर पहिलं पाऊल कोणतं?

तुमचा प्रश्न असा आहे: कंपनी चीनबाहेरची, चीनमध्ये ना ऑफिस ना माणूस, मग आधी वेबसाइट चिनी भाषेत करून घ्यावी की थेट टीमॉल या चिनी ऑनलाइन बाजारात दुकान उघडावं?

मी मूळची सांगलीची. मेलबर्नमध्ये शेळीच्या दुधाचे साबण आणि क्रीम बनवणाऱ्या एका घरगुती कंपनीत आठ वर्षं होते. त्यातली सहा वर्षं चीनचीच विक्री बघितली. त्यावरून सांगते, या दोन्हींपैकी एकानेही सुरुवात करू नका. आधी तुमचं नाव चीनमध्ये तुमच्या मालकीचं करा आणि चिनी गिऱ्हाइकाशी त्याच्या भाषेत, त्याच्या वेळेला बोलणारा माणूस शोधा. दुकान त्यानंतर.

वेबसाइटचं आधी उरकते. चीनबाहेरच्या सर्व्हरवरची साइट तिथे रडतखडत उघडते. पानात यूट्यूबचा व्हिडिओ किंवा फेसबुकचं बटण असेल तर पान तिथेच अडकतं, कारण या सेवा चीनमध्ये बंद आहेत. साइट चीनच्या आत ठेवायची तर आयसीपी नावाची सरकारी नोंदणी लागते, आणि त्यासाठी तिथली कंपनी लागते. एवढं सगळं करूनही गिऱ्हाईक तिकडे फिरकत नाही. ते ताओबाओ, टीमॉल, जेडी, दौयिन यांपैकी एखादं अ‍ॅप उघडतं आणि त्याच्या आतच शोधतं, विचारतं, पैसे भरतं.

ईबेसारख्या बड्या अमेरिकी ऑनलाइन बाजारालाही चिनी गिऱ्हाइकाच्या सवयी न ओळखणं महागात पडलं. २००२ मध्ये त्यांनी ईचनेट या चिनी कंपनीत हिस्सा घेतला, २००३ मध्ये उरलेली कंपनीही घेतली. त्याच वर्षी मे महिन्यात अलीबाबाने ताओबाओ सुरू केलं. ताओबाओने विक्रेत्यांकडून फी घेतली नाही, आणि गिऱ्हाईक व दुकानदार यांना आपसात बोलायला चॅटची खिडकी दिली. माल हातात पडेपर्यंत पैसे मध्येच राखून ठेवणारं अलीपे जोडलं. २००६ संपता संपता ईबेने तिथलं आपलं दुकान आवरून एका स्थानिक कंपनीच्या हाती दिलं. फुकट नोंदणीने ताओबाओला मदत केलीच, पण माझ्या मते खरा फरक त्या चॅटच्या खिडकीने पडला. तिच्याबद्दल पुढे बोलते.

सुरुवात करण्यापूर्वी एक गोष्ट तपासा. तुमचा माल चीनमध्ये आधीच जातोय का? आमचा जात होता आणि आम्हाला पत्ताच नव्हता. मेलबर्नच्या बॉक्स हिल भागातल्या दोन औषधाच्या दुकानांतून आमच्या साबणाची मागणी एकाएकी वाढली. मालकीणबाई आणि मी बघायला गेलो, तर विशीतली एक विद्यार्थिनी टोपलीत चाळीस वड्या भरत होती. बिल हातात आल्यावर तिने आधी बिलाचा, मग दुकानाच्या पाटीचा, मग टोपलीचा व्हिडिओ काढला. हा व्हिडिओ चीनमधल्या गिऱ्हाइकाला जातो: बघ, माल खरा आहे, ऑस्ट्रेलियाच्या दुकानातूनच घेतलाय. यांना दायगोउ म्हणतात, म्हणजे दुसऱ्यासाठी खरेदी करणारे. २००८ मध्ये चीनमध्ये बाळांच्या दुधाच्या भुकटीत मेलामाइन सापडलं, तेव्हापासून आईबापांचा परदेशी मालावरचा भरवसा आणि दायगोउंचा धंदा दोन्ही वाढत गेले. २०१९ च्या ई-कॉमर्स कायद्याने दायगोउंना नोंदणी आणि कर लागू केला, पुढच्या वर्षी कोविडने सीमाच बंद केल्या, आणि त्यांचं पूर्वीचं राज्य राहिलं नाही. तरी त्या मुलीने मला चहा पिता पिता जे सांगितलं ते कुठल्या सल्लागाराने सांगितलं नसतं. कोणता वास आवडतो, कोण विकत घेतं (नातवाच्या कोरड्या त्वचेसाठी आजी), आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिथे आमच्या साबणाला काय म्हणतात. कंपनीचं इंग्रजी नाव तिथे कोणाच्या तोंडी नव्हतं. वेष्टनावरच्या चित्रावरून लोकांनी परस्पर बारसं केलं होतं: ‘छोटी शेळी’.

नावाचा घोटाळा इथेच सुरू झाला. चीनमध्ये ट्रेडमार्क जो आधी अर्ज करेल त्याचा. तुम्ही वीस वर्षं ते नाव वापरताय, हे तिथे सहसा कामी येत नाही. मायकेल जॉर्डनसारख्या जगप्रसिद्ध खेळाडूला आपल्या नावाच्या चिनी अक्षरांसाठी तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. २०१६ मध्ये निकाल लागला, तोही अर्धामुर्धाच त्याच्या बाजूने. आमचं नाव एका वितरकाने नोंदवलं. एका प्रदर्शनात तो आमच्या टेबलाशी अर्धा तास बसला होता, पत्रकं घेऊन गेला, आणि काही आठवड्यांतच त्याचा अर्ज दाखल झाला. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर तीन महिन्यांत हरकत घेता येते, पण आम्ही बघतच नव्हतो. शेवटी आमचंच नाव पैसे मोजून विकत घ्यावं लागलं. बैल गेला नि झोपा केला म्हणतात, तसं. त्या वर्षी दोघांच्या पगारवाढी त्यात गेल्या, म्हणून इतक्या कळकळीने सांगतेय.

अर्ज करताना दोन गोष्टी सांभाळा. एक, इंग्रजी नावाबरोबर चिनी नावही नोंदवा. ते नाव तुम्ही दिलं नाही तर लोक देतील, आणि लोकांनी दिलेलं नाव तिसराच कोणी नोंदवेल. कोका-कोलाचं तिथलं नाव ‘कखौ कल’, म्हणजे चवदार आणि आनंददायी. बीएमडब्ल्यू तिथे ‘बाओमा’ आहे, म्हणजे मौल्यवान घोडा. उलट एअरबीएनबीने २०१७ मध्ये घेतलेलं ‘आयबीयिंग’ हे नाव उच्चारायला अवघड म्हणून लोकांनी त्याची खूप टर उडवली. दुसरी गोष्ट पोटवर्गांची. साबण आणि क्रीम दोन्ही ट्रेडमार्कच्या आंतरराष्ट्रीय वर्ग ३ मध्येच येतात, पण चीनमध्ये त्याचे आणखी पोटवर्ग आहेत. साबण ०३०१ मध्ये, सौंदर्यप्रसाधनं ०३०६ मध्ये. नुसत्या साबणाची नोंदणी केलीत तर क्रीमचं दार उघडंच राहतं. माद्रिद पद्धतीने (म्हणजे एकाच अर्जातून अनेक देशांसाठी) अर्ज केला तर ही विभागणी हवी तशी होत नाही, म्हणून तिथल्या वकिलाकडून थेट चीनमध्ये अर्ज करणं मला जास्त खात्रीचं वाटतं.

आता वाट. चीनमध्ये कंपनी न काढता विकायची कायदेशीर सोय आहे, तिला सीमापार ई-कॉमर्स म्हणतात. त्यासाठीचं टीमॉल ग्लोबल २०१४ मध्ये सुरू झालं, जेडीचं तसंच दुकान २०१५ मध्ये. इथे तुमची परदेशी कंपनीच विक्रेता असते. फक्त चीनमध्ये नोंदलेला एक जबाबदार प्रतिनिधी नेमावा लागतो. माल दोन प्रकारे जातो. ऑर्डर आली की परदेशातून एकेक पार्सल, नाहीतर कंटेनर भरून आधीच निंगबो, हांगचौ, चंगचौ अशा ठिकाणच्या बाँडेड गोदामात. तिथे माल कर न भरता पडून राहतो. ऑर्डर आली की ऑर्डर, पैसे आणि पार्सल या तिन्हींची माहिती कस्टम्सच्या संगणकात जुळते, कर कापला जातो आणि दोनतीन दिवसांत पुडकं घरी पोचतं. घेणाऱ्याला आपलं खरं नाव आणि ओळखपत्राचा नंबर द्यावा लागतो.

कराचा हिशेब सोपा आहे. यादीतल्या मालावर मर्यादेच्या आत आयात शुल्क शून्य, आणि व्हॅटच्या ७० टक्केच वसुली. व्हॅट १३ टक्के, म्हणजे प्रत्यक्षात ९.१ टक्के. २०० युआनच्या साबणाच्या जुडीवर १८.२० युआन. २०१९ पासून एका ऑर्डरची मर्यादा ५,००० युआन आणि एका माणसाची वर्षाची मर्यादा २६,००० युआन आहे. सरकारची मंजूर मालाची यादी आहे. तुमची वस्तू तिच्यात नसेल तर ही वाट बंद, म्हणून ती आधी बघा. प्रसाधनांना या वाटेचा मोठा फायदा असा की नेहमीच्या आयातीला लागणारी नोंदणी इथे लागत नाही. चीनमध्ये आयात प्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी सक्तीची होती (साध्या प्रसाधनांना अटींवर सूट मे २०२१ पासून मिळाली), तेव्हा प्राण्यांवर चाचणी न करणाऱ्या कंपन्या याच वाटेने तिथे विकत होत्या. आम्हीही.

मोठेसुद्धा आधी असंच चाचपून बघतात. कॉस्टकोने २०१४ मध्ये टीमॉल ग्लोबलवर दुकान काढलं आणि शांघायमध्ये पहिलं खरंखुरं दुकान उघडलं ते ऑगस्ट २०१९ मध्ये. त्या दिवशी गर्दी इतकी झाली की दुकान वेळेआधी बंद करावं लागलं.

आता ती चॅटची खिडकी. आमची पहिली ऑर्डर यायच्या आधी अकरा प्रश्न आले, सगळे एकाच बाईचे. रात्री साडेनऊला पहिला संदेश: ‘आहात का?’ तिथे बोलणं असंच सुरू होतं. दुकानदाराने लगेच ‘छिन’ म्हणून उत्तर द्यायचं. छिन म्हणजे ‘प्रिय’. आपल्याकडे भाजीवाला ‘या ताई’ म्हणतो ना, तेवढ्याच सहजतेने. तेव्हा मेलबर्नमध्ये मध्यरात्र होत आलेली. चेंगडूहून आलेली आमची सहकारी मांडीवर लॅपटॉप घेऊन उत्तरं देत होती: दूध कच्चं की भुकटीचं, शेळ्या कुठे चरतात, चार महिन्यांच्या बाळाला चालेल का. मग त्या बाईने आधी माल घेतलेल्या कुणीतरी टाकलेला वेष्टनाचा फोटो पाठवला आणि विचारलं, २०१० चा माल का विकताय? आम्हाला काही उमगेना. मग सहकारी एकदम म्हणाली, अगं, तारीख! वडीवर वापराची शेवटची तारीख छापली होती १०/१२/१९, म्हणजे १० डिसेंबर २०१९. चीनमध्ये आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहितात. तिने ती १९ डिसेंबर २०१० वाचली होती. किती जण न विचारताच निघून गेले असतील, हे आठवलं की आजही हळहळते. त्यानंतर चीनला जाणाऱ्या प्रत्येक खोक्यावर उत्पादनाची तारीख आम्ही वर्षापासून सुरू करून छापली. उत्पादनाचीच, कारण माल किती ताजा आहे हे तिथे फार बघतात.

हे काम परदेशात बसून नऊ ते पाच होत नाही. म्हणून बहुतेक जण टीपी नेमतात, म्हणजे दुकान चालवून देणारी एजन्सी. चॅट, सजावट, जाहिरात, गोदामाशी बोलणं, सगळं तीच बघते. चांगली एजन्सी मिळणं हा नशिबाचा भाग नाही, तपासाचा आहे. तिने चालवलेली तीन दुकानं मागा आणि चिनी वाचणाऱ्या माणसाला गिऱ्हाईक बनवून रात्री दहाला तिथे प्रश्न विचारायला लावा. उत्तर किती वेळात आणि कसं येतं, त्यावर ठरवा. दुकानाचं खातं आणि ट्रेडमार्क मात्र कधीही एजन्सीच्या नावावर ठेवू नका.

पैशाचं स्पष्ट बोलते. अनामत, फी, विक्रीवर कमिशन, टीपीचा महिना, जाहिरात आणि ११ नोव्हेंबरच्या मोठ्या सेलमधली सूट, हे सगळं वजा करून तुमच्या वस्तूवर काही उरत नसेल तर आत्ता टीमॉल नको. आम्ही दुकानाआधी वर्षभर फक्त शियाओहोंगशू या अ‍ॅपवर होतो. छोटं लाल पुस्तक असा त्या नावाचा अर्थ. बायका तिथे वापरलेल्या वस्तूंबद्दल सविस्तर लिहितात आणि इतर जणी ते वाचून खरेदी ठरवतात. आम्ही नमुने पाठवले, लोक काय लिहितात ते वाचलं. लाइव्ह व्हिडिओवरून माल विकणाऱ्या बड्या विक्रेत्यांच्या मागे आम्ही लागलो नाही आणि तुम्हीही सुरुवातीला लागू नका. ते सूटही मागतात आणि वाटाही.

मजकूर भाषांतरित करताना ‘ऑस्ट्रेलियातला सर्वोत्तम’ असलं काही ठेवू नका. २०१५ च्या जाहिरात कायद्यात ‘सर्वोत्तम’सारख्या शब्दांना बंदी आहे, दंड २ लाख युआनपासून सुरू होतो. साबणाने इसब बरं होतं असंही लिहायचं नाही, गिऱ्हाईक स्वतः म्हणत असलं तरी. आणि साइटवरच्या देशांच्या यादीत हाँगकाँग, तैवान वेगळे देश म्हणून तर लिहिले नाहीत ना ते बघून घ्या. २०१९ मध्ये व्हर्साचे, कोच यांना टी-शर्टवरच्या अशाच मजकुरासाठी जाहीर माफी मागावी लागली होती.

तर या आठवड्यात वकिलाकडून नावाचा शोध करून घ्या, आणि गावात चिनी विद्यार्थी असतील तर त्यातल्या एखाद्या मुलीला चहाला बोलावून तुमची वस्तू तिच्या हातात द्या. ती वेष्टनावर आधी काय वाचते ते बघा. वस्तू कोणती आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते कळवलंत तर बाँडेड गोदाम परवडेल की एकेक पार्सल, हे मी हिशेब मांडून सांगेन.