ह्युमिक ॲसिड घ्यावे काय? ऊस व भात उत्पादकांच्या प्रश्नांना उत्तर

बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी, अथणी आणि रायबाग तालुक्यांतील ऊस उत्पादकांनी, तसेच खानापूर भागातील काही भात उत्पादकांनी विचारले आहे, की ह्युमिक ॲसिड दिल्यास रासायनिक खताची मात्रा कमी करता येईल काय आणि नदीकाठच्या खारवट जमिनी त्याने सुधारतील काय.

पाचट (उसाची वाळलेली पाने), मुळे व शेण कुजून मातीत जो काळसर अंश उरतो, तो ह्युमस. त्याचा जो भाग अल्कलीत विरघळतो, पण तीव्र आम्ल मिसळताच साका होऊन खाली बसतो, त्यास ह्युमिक ॲसिड म्हणतात; आम्लातही विरघळलेला राहतो तो फुल्विक ॲसिड. बाजारातील माल मात्र बहुधा लिग्नाइटसारख्या खनिजावर पोटॅशची प्रक्रिया करून तयार केलेले पोटॅशियम ह्युमेट असते.

खानापूरच्या तांबड्या जांभ्या मातीत लोह व ॲल्युमिनियमची संयुगे स्फुरद (फॉस्फरस) बांधून ठेवतात आणि तेथील चिकणमातीची अन्नद्रव्ये धरण्याची शक्तीही कमी असते. अशा जमिनीत ह्युमसच्या कणांवरील ऋण भार अमोनियम, पोटॅश व कॅल्शियम धरून ठेवतो आणि स्फुरदही काही अंशी मोकळा राहतो. अथणीकडील भारी काळ्या जमिनीत ही धारणशक्ती मुळातच पुष्कळ असल्याने तेथे ह्युमसचा लाभ मुख्यतः माती भुसभुशीत होऊन हवा खेळण्यात दिसतो. काही कीटकनाशके व जड धातूही ह्युमसला चिकटून राहतात, त्यामुळे ती विहिरीच्या किंवा दूधगंगेच्या पाण्यात सहजासहजी उतरत नाहीत.

हे लाभ ह्युमसचे आहेत; बाजारातील ह्युमेटने मातीतील ह्युमस वाढेल काय, याचा आता हिशेब करून पाहावा. एक एकरातील वरच्या अर्ध्या फुटाच्या मातीचे वजन साधारण 8 ते 9 लाख किलो भरते, म्हणजे सेंद्रिय कर्ब (ह्युमससारख्या सेंद्रिय पदार्थांतील कार्बन) केवळ 0.1 टक्क्याने वाढविण्यासाठी 800 ते 900 किलो कर्ब मातीत टिकून राहावा लागतो. एकरी दोन-चार किलो ह्युमेटच्या भुकटीने तो वाढणार नाही, हे उघड आहे. ह्युमेटमुळे मुळांची वाढ व अन्नद्रव्यांचे शोषण काही प्रमाणात सुधारू शकते; परंतु त्याच्या भरवशावर, माती परीक्षण न करता, खत कमी करू नये.

कर्ब वाढविण्याचे साधन ऊस उत्पादकाच्या शेतातच पडलेले असते आणि तोडणी होताच आपण त्याला काडी लावतो, हे खेदाने लिहावे लागते. खोडव्यात (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकात) पाचट सरीत दाबून प्रति टन पाचटास 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट व 1 किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धन टाकावे आणि ओल टिकवावी.

कृष्णाकाठच्या क्षारयुक्त जमिनीत पहिला उपाय निचऱ्याचा. जमीन चोपण (सोडियम वाढून घट्ट) झाली असल्यास माती परीक्षणानुसार जिप्सम द्यावे. ह्युमेट यांपैकी कशाचीही जागा घेऊ शकत नाही.

ज्यांना ते ठिबकातून द्यावयाचेच आहे, त्यांनी कॅल्शियम नायट्रेट किंवा फॉस्फरिक ॲसिडसोबत एकाच टाकीत मिसळू नये, कारण साका होऊन ड्रिपर तुंबतात. 2021 पासून ही उत्पादने जैव उत्तेजक म्हणून खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आहेत. म्हणून लेबलवरील घटकांचे प्रमाण वाचूनच खरेदी करावी, पक्की पावती घ्यावी आणि शंका असल्यास कृषी खात्याच्या जवळच्या रैत संपर्क केंद्रात विचारणा करावी.